इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने लिहू द्या

गेल्या पावसाळ्यातली संध्याकाळ. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारा सहावीतला एक मुलगा धडा वाचत होता. 'द वाइंड वॉज कोल्ड.' मी लगेच टोकलं नाही. दोन ओळींनंतर वारा पुन्हा आला आणि त्याने पुन्हा 'वाइंड'च वाचलं. शेजारी बसलेली मुलगी हसली. ''विंड रे, विंड!'' त्याने पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुन्हा मोठ्याने वाचलं नाही.

त्याच्या वडिलांचं बडोद्याच्या दांडिया बाजारात, आतल्या गल्लीत मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंख्याची, पंपाची जुनी तार कापून काढायची, खाचांत कागद घालायचा, मोजून वेढे देत नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजून वाळवायची. शाळेतून आला की हा मुलगा तिथेच बसतो. दुकानाच्या पाटीवर गुजरातीत आणि इंग्रजीत 'रिवाइंडिंग' लिहिलंय. वाचता यायला लागल्यापासून डब्ल्यू-आय-एन-डी ही चार अक्षरं त्याने रोज पाहिली आणि रोज ऐकली ती अशीच, वाइंड. पुस्तकात तीच चार अक्षरं दिसल्यावर त्याने काय वाचायला हवं होतं?

त्याचं चुकलं नव्हतं असंच मी म्हणते. त्याला माहीत असलेला नियम त्याने लावला. आणखी एक गोष्ट मी त्याला नंतर सांगितली. जुन्या इंग्रजी कवींच्या ओळींत वाऱ्याचं यमक 'काइंड', 'माइंड' यांच्याशी जुळवलेलं सापडतं. म्हणजे एके काळी इंग्रज कवीही वाऱ्याला 'वाइंड' म्हणत. फाइंड, बाइंड, काइंड यांचा स्वर जसा लांबला तसाच वाऱ्याचाही लांबला होता. पुढे बोलण्यात तो पुन्हा आखूड झाला. गुंडाळण्याचा 'वाइंड' मात्र तसाच राहिला. लिहिण्यात कुणीच काही बदललं नाही, म्हणून दोन शब्द एकाच अंगरख्यात उभे राहिले.

असे शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत. एल-ई-ए-डी म्हणजे पुढे नेणं असेल तर 'लीड' आणि शिसं असेल तर 'लेड'. वायरमनच्या पेटीतल्या टेस्टिंगच्या तारा 'लीड' आणि इन्व्हर्टरची बॅटरी 'लेड-ॲसिड'. टी-ई-ए-आर म्हणजे अश्रू असेल तर 'टिअर', फाडणं असेल तर 'टेअर'. एम-आय-एन-यू-टी-ई घड्याळातलं 'मिनिट' आणि सूक्ष्म या अर्थाचं 'माइन्यूट'. आर-ई-ए-डी तर वर्तमानात 'रीड' आणि भूतकाळात 'रेड', आणि हा फरक व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत आटोपलेला असतो. क्लोज फ्रेंडमधला 'क्लोज' आपण सगळेच दार लावण्याच्या 'क्लोज'सारखा उच्चारतो. इंग्रज मात्र जवळच्या मित्राला 'क्लोस' म्हणतो. इतकी वर्षं शिकवूनही माझ्या तोंडून तो 'ज'च येतो.

एक जात आणखी सूक्ष्म आहे. गुजरातेत 'परमिट' हा शब्द कुणाला सांगावा लागत नाही, दारूबंदीच्या राज्यात तो सरकारी कागदाचं नाव आहे. त्यात जोर 'पर'वर येतो. पण परवानगी देणं या अर्थाने तोच शब्द क्रियापद झाला की जोर सरकून 'मिट'वर जातो. रेकॉर्ड, ऑब्जेक्ट, प्रेझेंट, कंटेंट, सगळ्यांचं असंच. नाम असेल तर जोर बहुधा शब्दाच्या पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्या. स्पेलिंग मुकं. अक्षरांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी जोर कुठे आहे ते तिथे लिहिलेलं नसतं.

हे असं का झालं, हे मुलांना सांगितलं पाहिजे असं मला फार वाटतं, कारण कारण कळलं की भीती जाते. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापखाना आला की लिहिण्याची एक पद्धत हळूहळू गोठते. नेमक्या त्याच काळात, साधारण 1400 ते 1700 या तीनशे वर्षांत, इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा बदलत होते. ओठांवरची भाषा चालत राहिली आणि कागदावरची उभी राहिली. ई-ए ही जोडी एके काळी एकच दीर्घ स्वर दाखवत असे. पुढे काही शब्दांत तो आखूड झाला, जसे 'ब्रेड', 'हेड', 'डेड' आणि शिशाचा 'लेड'. काहींत तो चढत 'ई'पर्यंत गेला, जसे 'बीड', 'टीच' आणि नेण्याचा 'लीड'. म्हणजे या सगळ्या गोंधळात मुलाचा बुद्ध्यांक कुठेच येत नाही. पाचशे वर्षांपूर्वी दुसऱ्या देशात जे घडलं त्याचं ओझं माझ्या समोरच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या मानेवर ठेवू नये, एवढंच माझं मागणं आहे.

ओझं ठेवलं जातं ते कसं, ते सांगते. त्या मुलाची वही मी मागवून पाहिली. त्याने इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने, बारीक अक्षरात, देवनागरीत उच्चार लिहिले होते. 'एन्शंट', 'आयलंड', 'नेबर'. आणि प्रत्येकावर लाल शाईची आडवी रेघ, शेवटी शेरा, की मातृभाषेत लिहू नये. पुढच्या पानावर उच्चार नाहीत. त्याच्या पुढच्या पानावर मोठ्याने वाचण्याच्या परीक्षेत दहापैकी तीन गुण. ही एकट्या त्याच्या शाळेची गोष्ट नाही. इंग्रजी शब्दावर मराठी, गुजराती किंवा हिंदी अक्षरात उच्चार लिहायला बंदी, हा बडोद्यातल्या कितीतरी वर्गांतला न छापलेला नियम आहे, आणि माझ्या ओळखीच्या शिक्षिका तो मनापासून, मुलांच्या भल्यासाठी म्हणूनच पाळतात. मीही नोकरीत असताना पाळला. मला आता तो नियम चुकीचा वाटतो आणि तो उठवावा असं मी इथे म्हणते आहे.

कारण साधं आहे. ज्या घरात आई-वडील इंग्रजी बोलतात, त्या घरातल्या मुलाच्या कानात 'विंड' आधीच असतो. तो स्पेलिंग पाहतो तेव्हा कान त्याला उत्तर सांगतो. वाइंडिंगवाल्याच्या मुलाच्या कानात ते उत्तर नाही. त्याच्या घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. त्याला इंग्रजी डोळ्यांनीच शिकावी लागते आणि इंग्रजी ही डोळ्यांनी शिकता येणारी भाषा नाही. वर्गात बाईंनी एकदा उच्चारलेला शब्द घरी नेण्याचं त्याच्याजवळ एकच भांडं आहे, ते म्हणजे त्याला नीट येणारी लिपी. तेही आपण काढून घेतलं तर तो घरी काय घेऊन जाणार? ज्याच्याकडे कान आहे त्याला या बंदीने काहीच तोटा होत नाही. सगळा तोटा त्याचा, ज्याच्याकडे फक्त पेन्सिल आहे.

आता फोन आहे ना, असं पालक म्हणतात. त्याच मुलाच्या आईने मला फोन दाखवला. तिने डब्ल्यू-आय-एन-डी टाइप केलं, बटण दाबलं, फोन 'विंड' म्हणाला. ''मग काकू, दुकानाच्या पाटीवर चुकीचं लिहिलंय का?'' तिने अगदी खरेपणाने विचारलं. एकटा शब्द दिला तर यंत्र एकच उच्चार सांगणार. दुसरा आहे हेच तिला कळलं नाही. मग मी तिला पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं, मोटर गुंडाळण्याचं, आणि फोनने 'वाइंड' म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी विसरणार नाही, कारण तिला कळलं की पाटीही बरोबर आहे आणि पुस्तकही बरोबर आहे. म्हणून उच्चार लिहायचा तो वाक्यातल्या शब्दावर. शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्याची जी पद्धत आहे, रोज दहा शब्द, दहा अर्थ, पाच वेळा लिहा, तिच्यात 'लीड' आणि 'लेड' वेगळे करायला जागाच नाही.

या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला असा की देवनागरी ही कुबडी होईल. मूल वरची ओळ वाचेल आणि खालच्या स्पेलिंगकडे बघणारच नाही. या भीतीला आधार आहे. इंग्लंडमध्येच 1961 पासून काही शाळांत लहान मुलांसाठी चव्वेचाळीस अक्षरांची वेगळी लिपी वापरून पाहिली होती. सर जेम्स पिटमन यांनी ती तयार केली होती. पिटमन लघुलिपीचे जनक आयझॅक पिटमन त्यांचे आजोबा. त्या लिपीत मुलं लवकर वाचायला लागली, पण नेहमीच्या स्पेलिंगकडे येताना पुष्कळांची अडचण झाली आणि हा प्रयोग पुढे मागे पडला. मी याच्यातून वेगळा धडा घेते. तिथे स्पेलिंग हटवून त्याच्या जागी दुसरी लिपी बसवली होती. मी म्हणते ते स्पेलिंग जिथल्या तिथे ठेवून, डोक्यावर बारीक अक्षरात उच्चार. चीनमध्ये पहिलीच्या पुस्तकात चिनी अक्षरांच्या वर रोमन लिपीत उच्चार छापलेले असतात. ती पद्धत, पिनयिन, तिथल्या सरकारने 1958 मध्ये स्वीकारली. जपानमध्ये चिनीतून आलेल्या कांजी अक्षरांच्या अंगाला उच्चार दाखवणारी बारीक 'काना' अक्षरं छापतात आणि मूल मोठं होतं तशी ती कमी होत जातात. या दोन देशांतली मुलं आपली लिपी विसरली नाहीत. आणि चीनने तर त्यासाठी परक्याची लिपी घेतली, आपल्याकडे तर घरची आहे. घर बांधताना परांची लागते. भिंत उभी राहिली, गिलावा झाला, की गवंडी ती आपणच उतरवतो. परांचीशिवाय चढ म्हटल्याने कुणी चांगला गवंडी होत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. देवनागरीत इंग्रजी उच्चार नीट बसतच नाहीत, असं म्हणतात. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना आपला एकच 'व'. 'थिंक'मधला थ आपला थ नव्हे. झेडसाठी आपण कधी ज लिहितो, कधी झ. आघात, म्हणजे शब्दातला जोर, दाखवायला तर चिन्हच नाही. हे सगळं खरं आहे. पण ज्यासाठी आपण ही ओळ लिहितो आहोत, दोन शब्द वेगळे ओळखण्यासाठी, तेवढं काम ती चोख करते. 'विंड' आणि 'वाइंड', 'टिअर' आणि 'टेअर', 'लिव्ह' आणि 'लाइव्ह' यांत कुणाचा गोंधळ होत नाही. ॲ आणि ऑ ही अक्षरं आपण इंग्रजी शब्दांसाठीच तर रूढ केली. आघातासाठी अक्षराखाली रेघ ओढता येते, माझी मुलं ओढतात. आणि बडोद्यातल्या मुलाने लंडनसारखं बोलावं ही कुणाची गरज आहे? खुद्द इंग्रजांनाही आपल्या स्पेलिंगवरून उच्चार कळत नाही. म्हणून तर ध्वनिशास्त्रज्ञ डॅनिएल जोन्स यांना 1917 मध्ये इंग्रजी शब्दांच्या फक्त उच्चारांचा कोश काढावा लागला. त्यात वापरलेली चिन्हं हीदेखील शब्दाबाहेरून आणलेली एक लिपीच. आपली इंग्रजी-मराठी डिक्शनरी शब्दापुढे देवनागरीत उच्चार देते, ती कपाटात चालते आणि मुलाच्या वहीत चालत नाही, याला काय म्हणावं?

याच आक्षेपाची दुसरी बाजू म्हणून एक गोष्ट आपल्या लोकांनाही सांगायला हवी. मराठी जशी बोलतो तशी लिहितो, हे आपण अभिमानाने सांगतो, पण ते पुरतं खरं नाही. त्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. 'आजी रामनामाचा जप करते.' 'आजी, तब्येतीला जप.' मराठी घरातल्या चारही मुलांनी त्या वाचल्या. पहिल्या ओळीतला ज टाळूवरचा, दुसऱ्यातला दातांमागचा, एकानेही चूक केली नाही. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? कुणीच नाही. मग 'जरा थांब' मधलं 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचं, जराजर्जर मधलं 'जरा'. मग 'पाच'. आकडा म्हणून एक उच्चार, पाचूचं रत्न म्हणून दुसरा. आकड्याच्या 'पांच'वर पूर्वी अनुस्वार असायचा, 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही शब्द दिसायला एक झाले. माझ्याकडे येणाऱ्या गुजराती मुलीने लगेच आपल्याकडचा शब्द सांगितला. गुजरातीत गूळही 'गोळ' आणि वाटोळा आकारही 'गोळ', लिहिण्यात तंतोतंत सारखे, पण एकात ओकार उघडा आणि दुसऱ्यात मिटलेला. ती दोन्ही म्हणून दाखवत होती आणि मराठी मुलांना फरक ऐकू येत नव्हता. तिने तीनदा, चारदा म्हणून दाखवलं. वाइंडिंगवाल्याचा मुलगा तिच्या तोंडाकडे निरखून बघत होता आणि त्याला तो सापडला तेव्हा त्याने टाळी वाजवली.

त्या अर्ध्या तासात मुलांना जे कळलं ते वर्षभराच्या स्पेलिंगच्या चाचण्यांनी कळलं नसतं. शब्द कसा वाचायचा हे शेजारचे शब्द सांगतात, ही गोष्ट त्यांना आपल्या भाषेत आधीपासून येत होती. बडोद्याच्या जुन्या दप्तरातली मोडी वाचणारा माणूस हेच करत असे. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, वाचणारा मजकुरावरून ठरवतो. इंग्रजी काही वेगळी विद्या मागत नाही. फक्त ती मागते त्या आधी कान भरलेला हवा, आणि तो आपण भरून देत नाही.

या शहरात हे बोलताना मला एका मुलाची आठवण येते. 1875 मध्ये नाशिककडच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा इथे दत्तक आणला गेला. त्याला तोवर लिहिता-वाचता येत नव्हतं. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, चारही भाषांची अक्षरं त्याने त्या वयात एकदम गिरवायला घेतली. पुढे त्याच सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ते शिक्षण मुलांच्या बोलीच्या भाषांत होतं. एक लिपी हातात घट्ट बसल्यावर इंग्रजी. आज आपण चार वर्षांच्या मुलाला ए-बी-सी-डी आधी देतो आणि देवनागरी किंवा गुजराती मागून, आणि मग पाचवी-सहावीत ती मागून आलेली लिपी इंग्रजीच्या मदतीला आली तर तिच्यावर लाल रेघ मारतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलं आहे. माध्यम बदलण्याइतकी मोठी गोष्ट मी एका शिकवणीवालीने मागायला नको. वहीतल्या पेन्सिलीच्या ओळीला सूट द्यायला मात्र कुठलाही ठराव लागत नाही. एका शिक्षिकेने उद्याच्या तासाला ठरवलं तरी पुरतं.

शिक्षिकांसाठी माझं म्हणणं इतकंच, की पाचवी ते सातवीत मुलांनी वाचनाच्या आधी उच्चार ऐकावेत, तुमच्या तोंडून, पूर्ण वाक्यात, आणि त्यांना अडेल त्या शब्दावर त्यांनी त्यांच्या लिपीत लिहावं. तुम्ही तपासायचं ते त्यांनी बरोबर ऐकलं की नाही हे. 'वुमेन' लिहिलं असेल तर 'विमेन' करून द्या, लाल शाईनेही चालेल. ते दुरुस्त करणं आणि खोडणं यात फार अंतर आहे. आणि जो मुलगा एकटा शब्द चुकीचा वाचतो, त्याला हसू नका, वर्गालाही हसू देऊ नका. त्याला विचारा, तू असं का वाचलंस? बहुतेक वेळा त्याच्याकडे कारण असतं. माझ्या विद्यार्थ्याकडे तर आख्खं दुकान होतं.

त्याने वही आता माझ्याकडे ठेवली आहे, शाळेची वेगळी. तिच्यात प्रत्येक वाक्यावर त्याची पेन्सिल आहे. जूनपासून त्याने स्वतःच एक पद्धत काढली आहे. जो शब्द वरची ओळ न पाहता तीन वेळा वाचता येतो, त्याच्यावरची ओळ तो खोडरबरने पुसतो. परवा मी चाळून पाहिली. 'विंड'वरची पुसलेली आहे. 'लेड'वरची अजून आहे. 'आयलंड'वर पुसून, पुन्हा लिहून, पुन्हा पुसल्याचा काळपट डाग आहे, आणि कागद तिथे थोडा झिजला आहे.